पदराची पिन

लातूर, रविवार, दिवेलागणीला

शेजारच्या निर्मलाबाईंनी आज कुंपणावरून पुन्हा तेच ऐकवलं. 'भाची एवढी हुशार, क्लास लावून डॉक्टर करायची होती!' लातुरात जन्मलं की नाडीच धरायची का? आमची अनू पुरात अडकलेल्यांना उचलणारं हेलिकॉप्टर चालवते.

दुपारी तिचा फोन आला. देगलूरकडे दिवस भरलेली एक बाई छपरावर अडकली होती. दोरावरून उतरलेल्या जवानाला म्हणाली, 'पदर उडायलाय, समदं गाव बघायलंय. म्या न्हाई येत.' तो हात हलवत वर आला. तेव्हा अनूनं स्वतःच्या कॉलरची पिन काढून त्याच्याकडे दिली. ती पिन दर खेपेला ती घरून निघताना मीच तिथं अडकवते आणि ही मला हसते. पदराला पिन लागली, बाई आली.

'मावशी, आणखी पिना पाठव गं.'

भूकंपानंतर हेलिकॉप्टर आलं तेव्हा हीच कार्टी माझ्या पदरात तोंड खुपसून किंचाळत होती. आता तिला भीती वाटत नाही का? मला वाटते.

संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या पिना आणल्या. निर्मलाबाईंनी विचारलं, 'एवढ्या कशाला?' म्हटलं, 'तुमच्या डॉक्टरांपर्यंत पेशंट पोचायला नकोत?'

माझ्या पदराची पिनही पुडक्यात टाकली आहे. ती मात्र तिच्या कॉलरसाठी.