काचवाल्याची बाटली माझ्या कपाटात

३ जून, सकाळ.
काचवाल्याच्या हाताला कंप सुटलाय. काल दुकानात आरसा कापताना तिसरी काच वाया गेली. डॉक्टर म्हणाले, दारू सोड, नाहीतर हातातलं काम जाईल. तो म्हणतो, सोडायचीय, पण अगदी आजच असं नाही. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून मी फ्रेम्स ठोकतोय. त्याची सोडवणारच. माझं काय, मी कधीमधी घेणारा.

४ जून.
त्याच्या घरातली उघडी बाटली ताब्यात घेतली. वहिनींनी हात जोडले. माझ्या कपाटात ठेवली, स्वेटरांमागे.

५ जून.
डॉक्टरांनी त्याला पिण्याचे फायदे-तोटे लिहायला सांगितलेत. त्याचा हात थरथरतो म्हणून मी लिहायला बसलो. फायदे अकरा, तोटा एक. म्हणाला, यातले नऊ तुझेच आहेत. म्हटलं, मदत करायची तर मनापासून.

८ जून.
घरात बाटली म्हणजे धोका. उद्या त्याने मागितली तर? धोका थोडा कमी केला.

९ जून.
धोका निम्म्यावर.

११ जून.
काचवाला आला, बाटली दे म्हणाला. मी बाणेदारपणे नकार दिला. द्यायला उरलंही नव्हतं काही. थोडा वेळ भांडला, मग त्यानेच आभार मानले. मला भरून आलं.
जेवताना बायकोने विचारलं, तुम्ही कधी सोडताय? म्हटलं, एका वेळी एकच पेशंट.

२० जून.
नऊ दिवस कोरडा! आज काच एका रेषेत कापली. दुकान सुटलं की तो दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो. मी एकटाच उरतो. खोटं कशाला लिहू, भीती वाटते. येताना नवी बाटली आणली. कपाटात जागा रिकामी दिसायला नको.

२४ जून.
तो वहिनींना घेऊन आला. बाटली स्वतःच्या हाताने मोरीत ओतायचीय म्हणाला. मी ऐटीत काढून दिली. सीलबंद. वहिनींनी सीलवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बायको उठून मोरीचं दार उघडायला गेली. शेवटी तो म्हणाला, उद्या मीटिंगला सोबत ये. लगेच हो म्हटलं. बिचाऱ्याला आधार हवा.

२५ जून.
गोल मांडलेल्या खुर्च्या. माझी पाळी आल्यावर सांगितलं, मी फक्त मित्रासोबत आलोय. सगळे हसले. काचवाला खाली मान घालून म्हणाला, पहिल्या दिवशी त्याने स्वतःही असंच सांगितलं होतं, एका मित्रासाठी चौकशी करायला आलोय म्हणून. मित्र कोण विचारल्यावर त्याने माझं नाव दिलं. दोन आठवडे माझी खुर्ची राखून ठेवलीय त्यांनी.