वरची बोडी नकाशावर आली, त्याबद्दल

आदरणीय मामाजी,

सून ओमेश्वरीचा पाया पडून नमस्कार. बिरसीला रामबाईंकडे लेकीच्या हातचं खाऊन तब्येत सुधारली असेल. गुडघ्याला तेल लावून घेता ना? तिथल्या विमानतळाची शिकाऊ विमानं डोक्यावर फिरत राहतात, त्यात दुपारची झोप मिळते का, तेही कळवा. (फोनच केला असता, पण तुम्ही मधेच ठेवून देता आणि मला आज पूर्ण सांगायचं आहे.)

गावाच्या ऑनलाइन नकाशाचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच. त्यात सगळं थरांनी असतं: घरांचा एक थर, विहिरींचा एक, शेतांचा एक, पाणी साठवायच्या बोड्यांचा एक. हवा तो चालू करायचा, नको तो बंद. शिवाय फिल्टर असतो, म्हणजे आपली गाळणीच. अट घातली की तेवढंच वर राहतं. परवा ग्रामपंचायतीत भिंतीवर नकाशा पाडला. तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, यंदा गाळ काढायच्या बोड्या ठरवायच्या आहेत, तेव्हा गाळ असलेलं तेवढं दाखवा. मी घाईत (पुढे अख्खं गाव, मागून तुमचे चिरंजीव दुर्गेश खुणा करून राहिलेले) ती अट एकट्या बोड्यांना न लावता सगळ्याच थरांना लावली. भिंतीवरून गाव गेलं. घरं, विहिरी, शाळा, काही नाही. एकटं शालीकराम भाऊंचं घर उरलं, कारण त्यांनी अंगणात बोडीचा गाळ पसरला होता आणि पाहणीत मीच तशी नोंद केली होती. शालीकराम भाऊ खुर्चीत ताठ बसले. धुरपताबाई उठून भिंतीजवळ गेल्या, हाताने चाचपलं आणि म्हणाल्या, "माहं घर काऊन दिसून नाही राहिलं? कालच तर सारवलं मी." अट काढली, घरं परत आली. त्यांनी बकऱ्यांचा गोठाही दाखवायला लावला, मगच बसल्या.

मग नुसत्या बोड्यांना अट लावली. बाकीच्या आल्या, वरची बोडी येईना. तिच्यात पाणी थांबलं नाही तर खालच्या शेतांच्या बांध्यांतलं धान वाळतं, त्यामुळे लोकांत कुजबुज सुरू झाली. फिल्टर काढला, तरी नाही. शेवटी शेतांचा थर चालू केला, तर ती तिथे निघाली, धानाचं शेत म्हणून. पाहणीच्या वेळी तिच्या पोटात धान उभं होतं. मी दिसलं ते लिहिलं.

साहेबांनी मला विचारलं, "हे शेत आहे की बोडी?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. दुर्गेश छताकडे पाहू लागले. मी म्हटलं, "बोडी," आणि सर्वांदेखत तिला शेतांतून काढून बोड्यांत टाकलं. यंदा गाळ निघेल. बाकी घरी ठीक आहे.

तुमची आज्ञाधारक,
ओमेश्वरी

ता. क. : ते धान आपलं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. उभं पीक कापून घेऊ द्यायला गावाची हरकत नाही. पुढच्या हंगामापासून मात्र रोवणी बोडीच्या बाहेरच करायची, एवढी विनंती.

आणखी एक : धान पेरणारा ऐकेल का, असं साहेबांनी विचारताच दुर्गेश उठले आणि म्हणाले, "बाबूजीनंच सांगितलं, बोडी गावाले देऊन टाका." टाळ्या पडल्या. रविवारी तुमचा शाल-नारळ देऊन सत्कार आहे. बॅनर लागला आहे, फोटो आमच्या लग्नातला आहे. जरूर या. भाषणात काय बोलायचं ते बसमधून उतरल्यावर सांगते. तोवर रस्त्यात कोणी पाया पडलं, तर पडू द्या.