कंपनीत एक तरी स्वतंत्र माणूस हवा

२ एप्रिल
सकाळी जेंतीभाई स्वतः घरी आले. सोबत दोन किलो गाठिया. त्यांची पंपांची कंपनी आता शेअर बाजारात गेलीय, त्यामुळे नात्यातला किंवा धंद्यातला नसलेला एक संचालक कायद्यानेच लागतो. म्हणाले, सर, तुमच्यासारखा स्पष्टवक्ता माणूस राजकोटात दुसरा नाही. बी.कॉम.ला माझ्याच हाताखाली होते. अकाउंट्समध्ये मी दोनदा नापास केलं होतं, पण त्यांनी मनात काही ठेवलेलं नाही.

ते गेल्यावर बायकोने, मृदुलाने, विचारलं की, तुम्हालाच का? मी नि:पक्षपातीपणावर थोडं बोललो. तिचं म्हणणं, बावीस वर्षं प्रिन्सिपॉल होतात, एकाही ट्रस्टीला कधी ‘नाही’ म्हणाला नाहीत, तेच त्याने हेरलंय. बायकांना कॉर्पोरेट जग कळत नाही.

संकल्प: भीडभाड न ठेवता बोलायचं.

५ एप्रिल
संचालकांसाठी ऑनलाइन कोर्स लावला. आठ धडे. पहिला, मीटिंगचे कागद नीट वाचा. दुसरा, प्रश्न विचारा. तिसरा, वेळ पडल्यास विरोध नोंदवण्याचं धैर्य दाखवा. मी थेट तिसऱ्यापासून सुरुवात केली. पहिले दोन नवशिक्यांसाठी असावेत.

११ एप्रिल
कारखाना पाहिला. डोक्यावर पिवळं हेल्मेट. मला शोभतं. फोटो काढून घेतला.

फाउंड्रीतले फोरमन हासमभाई बाजूला घेऊन गेले. वितळलेल्या लोखंडाची बादली उचलणारी क्रेन जुनी झालीय, ब्रेक घसरतो. दोनदा बादली हातभर खाली आली. खाली अकरा माणसं असतात, त्यात त्यांचा जावई. म्हणाले, "साहेब, आमचं वर कोणी ऐकत नाही. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्ही बोललात तर ऐकतील."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला. गहिवरून आलं. हासमभाईंनाही आलं असावं, पण त्यांना भट्टीकडे जायचं होतं.

२१ एप्रिल
पहिली मीटिंग. आम्ही चौघं: जेंतीभाई, धाकटा भाऊ मनसुख, त्यांची आई मोंघीबा आणि मी. एक बाई संचालक लागते म्हणून बांना बसवलंय, हे उघड आहे. बिचाऱ्या बोटाला थुंकी लावून एकेक कागद उलटत होत्या आणि कंपनी सेक्रेटरी ख्यातीला दर ओळीचा अर्थ विचारत होत्या. वाईट वाटलं. सवडीने त्यांना चार गोष्टी शिकवायला हव्यात.

मी संचालकाच्या कर्तव्यांवर प्रास्ताविक केलं. चाळीस मिनिटं. मग क्रेनचा विषय काढणार तोच एक वाजला. एकनंतर राजकोटात माशीसुद्धा जागी नसते. सगळे जेवून झोपायला गेले.

पाया पक्का झाला, हे महत्त्वाचं. क्रेन पुढच्या वेळी.

२३ मे
पुढच्या मीटिंगचा लिफाफा आला. जाड आहे. मृदुलाने त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवली, म्हणून काढला नाही.

२८ मे
मीटिंग दुपारी तीनला, आधी जेंतीभाईंकडे जेवण. रस-पुरी. चौथी वाटी त्यांनी स्वतःच्या हाताने वाढली. माझ्याबद्दलचा आदर दिवसेंदिवस वाढतोय.

मीटिंगची खोली थंडगार. डोळे मिटून ऐकलं की विषय खोलवर पोचतो, ही माझी जुनी सवय. डोळे उघडले तेव्हा चहा आला होता. ठराव झालेला. क्रेन दिवाळीनंतर, आधी गेटसमोर कारंजं. पंपांच्या कंपनीला कारंजं हवंच, असं जेंतीभाईंचं मत. एकट्या बांचा विरोध. माझी संमती कशी धरली, असं ख्यातीला विचारलं. म्हणाली, "सर, तुम्ही सलग दहा मिनिटं मान डोलवत होतात."

गेटवर हासमभाई उभे होते. मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ते भट्टीकडे परतले.

३० मे
मोंघीबांचा फोन. सरळ मुद्द्यावर. "मास्तर, परवा झोपला होतात ना?"

मी श्रवणाची पद्धत समजावून सांगायला लागलो. मध्येच तोडून म्हणाल्या, "माझे यजमान होते तेव्हा मी त्या भट्टीवर ताक घेऊन जायची. त्या माणसांची नावं मला पाठ आहेत. पोरांचं मी बघते. तुम्ही फक्त पुढच्या वेळी जागे राहा."

म्हातारीला धीर दिला. म्हटलं, बा, तुम्ही काळजी सोडा, हे काम माझ्यावर.

४ जून
तिसरा धडा पुन्हा ऐकला. विरोध थोडक्यात, ठाम आणि उभं राहून करावा. आरशासमोर वीस वेळा म्हटलं, "माझा विरोध नोंदवून घ्या." चष्मा काढून अधिक परिणाम होतो. मृदुलाने विचारलं, कोणाशी भांडताय?

१४ जून
नवा लिफाफा. क्रेनचा विषय पुन्हा ठेवलाय, असं ख्यातीने फोनवर सांगितलं. बाकी कागदात आहे म्हणाली. म्हणजे जेंतीभाईंची काहीतरी चलाखी. उघडला नाही. आकडेवारी वाचली की माणूस मवाळ होतो. मृदुला दोनदा म्हणाली, उघडू का? मी नको म्हटलं.

१८ जून, दुपारी २
जेवलो नाही. तीन कप काळा चहा. अकरा माणसं डोळ्यांसमोर आहेत. आज मागे हटणार नाही.

१८ जून, संध्याकाळी ६
इतिहास घडला.

ख्याती वाचायला लागली, "क्रेनच्या ठरावाबाबत..." आणि मी उभा राहिलो. चष्मा काढला. म्हटलं, "माझा या ठरावाला विरोध आहे. नोंदवून घ्या."

जेंतीभाईंचा आ वासलेला. मनसुखने मोबाइल खाली ठेवला. ख्यातीने विचारलं, सर, विरोधच ना? पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "एकदा नाही, शंभरदा."

मोंघीबा म्हणाल्या, "मास्तर, खाली बसा. कागद वाचलेत का?"

मी म्हटलं, बा, सत्याला कागद लागत नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. भारावल्या असाव्यात. ठराव तीन विरुद्ध एक मंजूर झाला. बासुद्धा शेवटी मुलांकडे गेल्या, आईचं काळीज. मी हरलो, पण ताठ मानेने, चहा न घेता बाहेर पडलो. असा आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

१८ जून, संध्याकाळी ७.३०
मृदुलाने विळीने लिफाफा उघडला.

ठराव: कारंजं रद्द. जुनी क्रेन आजपासून बंद, नवी ताबडतोब बसवावी. बांनी दोन आठवडे पोरांच्या पंगतीला बसणं सोडलं होतं, वेगळ्या चुलीवर बाजरीचा रोटला भाजून खात होत्या. लिफाफा निघायच्या आधीच दोघं भाऊ वाकले. हे मृदुलाला भाजीवाल्याकडून आधीच कळलं होतं. मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, लिफाफा उघडू का म्हणून दोनदा विचारलं होतं.

१९ जून
ख्यातीला फोन. तिला म्हटलं, मीटिंगच्या नोंदीतून, म्हणजे मिनिट्समधून, माझ्या विरोधाची तेवढी एक ओळ गाळता येईल का? नाही म्हणाली. थोडी मवाळ करता येईल का? नाही. मग म्हणाली, "सर, ‘शंभरदा’ मी लिहिलेलं नाही. तेवढंच करू शकले."

कोर्सचे पहिले दोन धडे आज ऐकले. चांगले आहेत.

२३ जून
जेंतीभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "सर, सगळं घर माझ्यावर उलटलं होतं. बा, मनसुख, माझी बायकोसुद्धा. एकटे तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात. हे मी जन्मभर विसरणार नाही." पाच वर्षांची मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षं मलाच ठेवणार आहेत.

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण पुडा हातात दिला आणि पाया पडले. राहून गेलं.

८ जुलै
नवी क्रेन बसली. पूजेला गेलो. कारण काढून टाळणार होतो, मृदुलाने पाठवलं. मोंघीबांनी नारळ फोडला. हासमभाईंचा जावई क्रेनखाली उभा राहून सगळ्यांना बादली वर जाताना दाखवत होता. हसत होता.

हासमभाई प्रसाद वाटत माझ्यापाशी आले. मिनिट्सची गोष्ट फाउंड्रीपर्यंत पोचलीय, हे तोंडावरूनच कळलं. रागावलेले नव्हते, तेच वाईट. माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि हळूच म्हणाले, "साहेब, मी तुमच्याकडे हात जोडून आलो होतो. माझ्याकडून काही चुकलं होतं का?"

नाही म्हटलं. माझंच चुकलं, असं म्हणायला हवं होतं. दोन शब्द, उभं राहून, ठामपणे. नाही म्हणता आलं. लाज वाटली, आणि घरी येऊन ती इथे लिहितोय, जिथे कोणी वाचणार नाही.