देऊळघाटचं क्रुसेड

गुरुवार, संध्याकाळ

वार्ताहराचा फोन. "मॅडम, हे तुमचं क्रुसेडच ना?" चिडलेच! कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द धर्मयुद्ध म्हणून शिकले. आता चिकाटीने चालवलेल्या कुठल्याही मोहिमेला लावतात. आणि आम्ही केलं काय? बाजारातल्या बायकांच्या संडासाला कुलूप, म्हणून दर बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हळदीकुंकू मांडलं. आज सरपंचांनी हात जोडून किल्ली दिली. धर्मयुद्ध म्हणे! हळदीकुंकू होतं ते.

भाजीवाल्या शांताबाईला शब्दाचा अर्थ सांगितला, तर म्हणाली, "म्हंजे काम होयेपर्यंत सोडाचं नाही, हेच नं? मंग मॅडम, आत लाइट कुठी हाय? पुढच्या बाजारी वाण मी आणतो."

म्हटलं, अगं, आधी किल्लीचा आनंद तर होऊ दे! पण मनातून केव्हाच तयार झाले होते.