आण्णा, सातवी आणि आयर्लंडची बस

नाही हो आण्णा, तुम्हाला खांदा द्यायला आपलं कुणी नव्हतं. तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. कुणी मयतीहून परत आलं की तुमचा पहिला प्रश्न, कोण कोण होतं? तर ऐका. चार परके होते. एक गाई पाळणारा, एक पोस्टमन, एक खिळेमोळे विकणारा आणि एक म्हातारा. चौघंही सगळं खाणारे, सगळं पिणारे. झालं समाधान? इतकी वर्षं गप्प होते तशी आजही राहिले असते, पण सकाळी आमच्या मराठी मंडळातल्या एका पोरीचा फोन आला. मेडनहेडला असते, इथेच जन्मलेली. "काकू, आपण कोच करून आयर्लंडला जातोय, यू मस्ट कम! तुम्ही एकदा गेला होता ना? कसं आहे?" मी म्हटलं, हिरवं आहे, आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं उठलंय. भाजी करपली. म्हणून बसले लिहायला. माझं लिहिणं असंतसंच, लाल पेन घेऊन बसू नका.

तुम्ही इकडे इंग्लंडला आलात तेव्हा आम्ही मिल्टन कीन्सला नुकतं घर घेतलं होतं. जिकडे जावं तिकडे राउंडअबाउट, गाडी आपली गोलगोल फिरायची. ह्यांनी तुम्हाला गाडीतून फिरवलं तर तुम्ही म्हणालात, "जावईबापू, हे गाव आहे का तेलाचा घाणा?" सगळे हसले, मीही हसले. मग बॅग उघडलीत. नातवंडांना शाईची पेनं, जावयाला शर्टपीस, मला पोळपाट-लाटणं. "इकडे धड मिळत नसेल," म्हणालात. ते अजून वापरते. वस्तू चांगली आहे, वस्तूवर माझा राग नाही. त्याच उन्हाळ्यात मंडळाची आयर्लंडची टूर निघाली. ह्यांना फॅक्टरीतून सुट्टी मिळेना, मला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून मिळाली. म्हणाले, तू जा आण्णांना घेऊन, मी मुलांचं बघतो. मला काही हौस नव्हती. बसमध्ये बसून दुसऱ्याचे डोंगर बघायचे, त्यात काय ठेवलंय. पण मनात एक गोष्ट होती. तुम्हाला कधीतरी एकटं गाठायचं होतं आणि सातवीचं विचारायचं होतं. घरात मुलं, टीव्ही, येणारेजाणारे. म्हटलं, बसमध्ये शेजारीच बसणार आहेत, उठून कुठे जातील?

पण तुम्ही शेजारी बसलात कुठे? बसमध्ये सगळे डॉक्टर आणि डॉक्टरांच्या बायका, तुम्हाला तर सभाच मिळाली. फेरीबोटीतून उतरल्यावर ती गाइड बाई चढली, लाल केसांची, गळ्यात माइक. तिला तुम्ही पुस्तकातल्या इंग्रजीत असं काही विचारलंत की ती तुम्हाला 'प्रोफेसर' म्हणायला लागली. मग काय, पुढची सीट तुमची. तिथून मागे वळून मोठ्याने मला मराठीत सांगायचात ती काय म्हणाली ते. अहो, मला कळत होतं. लॉन्ड्रीत माझ्या दोन्ही बाजूला आयरिश बायका होत्या, मी त्यांच्याशी रोज भांडत होते. डब्लिनला ते जुनं पुस्तक दाखवायला नेलं, काचेखाली ठेवलेलं, सोनेरी अक्षरांचं. रांगेत उभं राहून मी जरा जास्त वेळ बघत राहिले. मागून तुमचा आवाज आला, "चल गं पुढे. हिला काय कळणार त्यातलं, सातवी नापास." सहज बोललात, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मंडळाचे सेक्रेटरी डॉक्टर, त्यांची बायको वळली. "अय्या, खरं का ताई? वाटत नाही हो तुमच्याकडे बघून." आणि दुसरी म्हणाली, "असू दे, पुरणपोळी काय सुंदर करतात!" ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून. एका अक्षराच्या पोटात मांजर होतं.

मी नापास नव्हते, आण्णा. परीक्षेलाच बसले नव्हते. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आईला माहीत होतं, ती गेली. ती अंथरुणाला खिळली त्या वर्षी तुम्ही चुलीसमोर येऊन उभे राहिलात, बूट न काढता, आणि म्हणालात, "उद्यापासून शाळेत जाऊ नकोस. धाकट्याला वेळेवर जेवण मिळालं पाहिजे." बास. माझी पाटी फळीवर गेली, तिच्यावर पिठाचा डबा आला. ते मी समजू शकते. घर कुणीतरी चालवायला हवं होतं. पण तुम्ही शाळेचे मास्तर, गावभर दारोदार फिरून लोकांना सांगायचात, मुलींना शाळेत पाठवा. मग स्वतःची का काढली, हे कसं सांगणार? म्हणून सांगितलंत, नापास झाली, डोकं नाही, बसवली घरी. आधी शेजाऱ्यांना सांगितलंत, मग सोयरिकीत, मग ह्यांना. सांगून सांगून तुम्हाला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं. मला एवढंच हवं होतं की तुम्ही एकदा, एकदाच, तोंडाने म्हणावं, नापास नव्हतीस तू. चारचौघांत नको. माझ्यापुरतं.

आणि म्हणणार होतात, असं मला अजून वाटतं. पश्चिमेकडे गेलो त्या दिवशी पाऊस बारीक होता, तिथला नेहमीचा. गाइडने बस थांबवून टेकडीवरच्या दगडी भिंती दाखवल्या. वर चढत गेलेल्या, कुठेच न पोचणाऱ्या. म्हणाली, बटाट्याचं पीक गेलं, लोक उपाशी मरायला लागले, तेव्हा मूठभर धान्यासाठी त्यांच्याकडून ह्या बांधून घेतल्या. कशालाच उपयोग नव्हता, नुसतं काम. सगळे फोटो काढायला उतरले, पाऊस बघून परत चढले. तुम्ही उतरलात, मी तुमच्यावर छत्री धरली. तुम्ही म्हणालात, "दुष्काळी काम. आपल्याकडे खडी फोडायला लावायचे तसं." मी म्हटलं, हो. तुम्ही भिंतीवर हात ठेवलात. आवाज वेगळाच होता तुमचा. "तुझी आई पडली त्या साली..." म्हणालात. मी छत्री घट्ट धरली. "त्या साली तू..." आणि बसच्या दारातून सेक्रेटरी डॉक्टर ओरडले, "मास्तर, चला लवकर! भेंड्या अडल्यात, 'ठ'वर आलंय!" तुम्ही हसलात. "ठ म्हणजे अवघडच," म्हणालात आणि गेलात. पुढच्या सीटवर बसून गायलात. टाळ्या पडल्या. मी मागे ओली छत्री मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, उद्या.

त्या उद्याच्या सकाळी तुम्ही पलंगाच्या काठावर बसलेले, एका पायात मोजा, दुसरा हातात. मी चहा घेऊन आले होते. हाक मारली, मग हात लावला. बसभर डॉक्टर, त्यातले दोघे धावत आले, बघितलं, मान हलवली. पण सही करायला गावातला डॉक्टर लागला. तो आला, मग पोलीस आला, म्हणाले, वय झालं होतं, हृदय. ते छोटं हॉटेल एका विधवा बाईचं होतं. तिने आधी येऊन खिडकी उघडली, जीव बाहेर जायला. मग मोजा तुमच्या हातातून काढून घेतला आणि पायात चढवला. तुम्ही कधी परक्या बाईच्या हातचं पाणी घेतलं नव्हतंत. बघत असाल तर बघा.

आपली माणसं काय करत होती? आंघोळी. मंडळातल्या थोरल्या काकूंनी सांगितलं, एका छपराखाली मयत झाली, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चहासुद्धा नाही. सगळी बस आंघोळीला. हॉटेलची टाकी रिकामी झाली, मागे राहिलेले गार पाण्याने ओरडत होते. हॉटेलवाली मला विचारते, "हे सगळे तुझ्याजवळ येऊन बसायचं सोडून धुताहेत काय?" तिला काय सांगू? मग खाली जमले. डब्लिनशिवाय जाळायची सोय त्या देशात नव्हती तेव्हा, आणि आम्ही दुसऱ्या टोकाला. केंब्रिजचे एक संशोधक होते, ते हळूच म्हणाले, "बसमध्येच नेलं तर? मागच्या सीटवर, शाल पांघरून. झोपलेत असंच वाटेल." मी म्हटलं, त्यांना वाटेत धबधबा पण दाखवणार का?  सेक्रेटरी डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "ताई, समजून घ्या. पुढची हॉटेलं बुक आहेत, बस दुसरीकडे वळवता येत नाही. इथे थांबून आम्ही तरी काय करणार?" मी म्हटलं, चार जण थांबा. उचलण्यापुरते. बाकीचे जा. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "अहो, इकडे अंडरटेकरची माणसं असतात ना उचलायला? प्रोफेशनल असतात." गेली बस. लाडवांचा डबा माझ्यासाठी ठेवून गेली. काल तुमच्या गाण्याला टाळ्या वाजवलेले सगळे हात खिडकीतून हलत होते.

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, मी निघतो. मी म्हटलं, तुम्ही पोचेपर्यंत सगळं उरकेल, मुलांजवळ थांबा. तुमच्या चिरंजीवांना तार केली. ज्याला वेळेवर जेवण मिळायला हवं होतं त्याला. उत्तर आलं, अस्थी नाशिकला पाठव. मग मी तुमच्याजवळ खुर्ची टाकून बसले, आणि दुपारपासून गावातली माणसं यायला लागली. कोटबिट घालून, न ओळखता, न बोलावता. एकेक जण माझा हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचा आणि भिंतीशी बसायचा. चहा, सँडविचेस, कुणी दारू. तुमच्या सोवळ्याच्या मानाने सगळा सत्यानाश. गाईंची धार, कुणाचं भांडण, पाऊस, सगळ्या गप्पा तुमच्या देखत. एकाने विचारलं, हे काय करायचे? मी म्हटलं, टीचर. तर सगळी खोली जरा सरळ बसली. "द मास्टर," म्हणाले. तिकडेही मास्तरच म्हणतात. तेव्हा कोपऱ्यातला तो म्हातारा उठून आला. तो त्या गावचा रिटायर्ड मास्तर. तुमच्याकडे बघून म्हणाला, एका मास्तराने दुसऱ्याला एकटं जाऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी त्यानेच पुढचा खांदा दिला. ते लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उचलतात, पेटी अगदी कानाला लागते. दारातून गाडीपर्यंत पुरं गाव मागे. मग मी, तो मास्तर आणि खिळेमोळेवाला, जो तिथला अंडरटेकरही होता, असे पुढच्या बाकावर, तुम्ही मागे. आलो त्याच रस्त्याने परत. खिळेमोळेवाल्याला सवय असावी, वाटेत तो दाखवत होता, हा किल्ला, ही नदी, हे पडलेलं चर्च. मी बघत होते. ऐकून घेणारी मी एकटीच, मागे वळून मराठीत सांगणारं कुणी नाही. त्या भिंतीही गेल्या. तिथे त्याने काही सांगितलं नाही, गाडी हळू केली फक्त.

डब्लिनला दाहिनीत नंबर लागेपर्यंत बाकावर बसायला सांगितलं. मास्तर माझ्या शेजारी, हॅट गुडघ्यावर. कुठल्या शाळेत शिकवायचे, किती मुलं होती, सगळं विचारलं त्याने. मग चांगल्या मनाने म्हणाला, "मास्तरांची मुलगी. म्हणजे तुम्ही तर पुष्कळ शिकला असाल."

आता बघा आण्णा. तुम्ही पेटीत. आपलं कुणी जवळ नाही. हा माणूस उद्या त्याच्या गावी जाणार, परत कधी दिसणार नाही. त्याला खरं सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? आयुष्यभर कुणाला तरी सांगायचं होतं ते ओठावर होतं, आणि सांगायला लागणारं इंग्रजीही माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "नो. आय फेल्ड. सेव्हन्थ क्लास." तो म्हणाला, "त्यात लाज कसली? वडिलांनी प्रयत्न केले असणार." मी म्हटलं, "येस. ही ट्राइड." तेवढ्यात आतून बोलावणं आलं. पडद्यापाशी पेटी आत सोडायचं एक बटण होतं. मुलगा तिथे नव्हता, म्हणून ते मीच दाबलं.

तुमचं खोटं माझ्या तोंडाने मी तेवढं एकदाच बोलले. हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही. त्या पोरीचा परत फोन येईल, तिलाही हिरवं आहे एवढंच सांगणार. आणि तुम्ही विचाराल, का बोललीस तसं? ते नाही सांगणार. तुम्हालाही नाही.