बेट एकता पक्ष आणि राहून गेलेला टॉवेल

५ जानेवारी, सोमवार
फिरून आलो तर फोनवर भलताच लांब नंबर. उचलला. "काका, मी अक्षता. मल्लाण्णाची पोरगी." चपला काढायच्या राहिल्या, तसाच बसलो. छत्तीस वर्षांत अण्णाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या घरून आलेला पहिला फोन.

"आमच्या पक्षाला पंचवीस वर्सं व्हत्यात. इतिहास लिवायचा हाय. तुमी लई चांगलं लिवता म्हनं."

बेटावर जन्मलेली, तिथेच वाढलेली मुलगी, आणि बोलते इथल्या, सोलापूरच्या बाळीवेशीतल्यासारखं. मराठी सगळी अण्णाकडून गेलेली, त्यामुळे ती छत्तीस वर्षांपूर्वीच थांबली आहे. अण्णा जहाजावर स्टोअरकीपर म्हणून गेला, वाटेत त्या बेटावर उतरला आणि तिथलाच झाला. बेट एका मोठ्या देशाच्या ताब्यात. तो देश तिथून हजारो मैल लांब. गव्हर्नर तिकडून येतो, बाकी कारभार सात आमदारांचा. त्यात अण्णाचा बेट एकता पक्ष. हे सगळं आज कळलं.

विचारलं, अण्णा बोलेल का माझ्याशी? "न्हाई. पन वाचतो म्हनले. मराठीत लिवा. तिकडचं भाषांतर मागनं बघू."

म्हणजे वाचक एकूण एक. हो म्हणालो. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि गावभरची मानपत्रं लिहिली. मुखपृष्ठावर नाव असलेलं पुस्तक एकही नाही. हे खरं कारण की तो एक वाचक हे खरं कारण, ते आज ठरवत नाही.

बायकोला, महादेवीला सांगितलं. भाकरी थापत होती. "लिवा की," म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार
कागद आले, सगळे फोनवर. ठराव, पत्रकं, फोटो. अक्षताने प्रत्येकाखाली तिच्या मराठीत टीप दिली आहे. पक्षाची अधिकृत जन्मकथा अशी: अण्णा आधी सत्ताधारी बंदर पक्षात सहचिटणीस. त्यांनी कोळ्यांना धक्का बांधून देण्याचा शब्द फिरवला. अण्णाने तत्त्वासाठी भर सभेत व्यासपीठ सोडलं. मागोमाग चौघे उतरले. मासळीच्या शेडमध्ये एकता पक्ष (यापुढे ए.प.) स्थापन.

एकता पक्ष आजवर तीनदा फुटला. ए.प. (मूळ), ए.प. (खरा), आणि अखंड ए.प. या अखंडमध्ये एकच सभासद होता. तोही पुढे रागावून बाहेर पडला.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. घरात शेंगापोळीचा वास, बाहेर गड्ड्याच्या जत्रेला निघालेली गर्दी. मी मंत्रिमंडळात. अण्णा एकदा मंत्री होता, रस्ते आणि वारा या खात्यांचा. अकरा दिवस. वारा हे खातं कशाला, असं अक्षताला विचारलं. "वादळ आलं की कुनाला तरी बोलाया नको व्हय?"

एक फोटो मात्र बघत राहिलो. नव्या गव्हर्नरचं स्वागत. अण्णा त्याच्या गळ्यात टॉवेल घालतोय, डोक्यावर टोपी. टॉवेल आपल्याकडचा, किनारीवरून ओळखला. साहेबाच्या तोंडावर असा भाव की आता आंघोळ कुठे करायची. टीप: बाबा हर गव्हर्नरला टावेल-टोपी करत्यात. कुनाला सोडत न्हाईत.

इतका मानपान सांभाळणारा माणूस माझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी घर सोडून का गेला, ते मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. धाकट्यानेच का वाकायचं, असं तेव्हा वाटायचं. पुढे सवय झाली.

२० जानेवारी, मंगळवार
घोटाळा. कोळ्यांच्या धक्क्याच्या उद्घाटनाचा फोटो सापडला. कोपऱ्यात तारीख. अण्णाने व्यासपीठ सोडलं त्याच्या वर्षभर आधीची. म्हणजे बांधून झालेल्या धक्क्यासाठी अण्णा सभात्याग करून बाहेर पडला. नववीतल्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.

अक्षताचं उत्तर: "बाबा म्हनत्यात, हाय तसं लिवा."

जेवताना मी चिडूनच बोलत होतो. साधनं, पुरावा, कालक्रम. महादेवी चटणी वाढत होती. म्हणाली, "धक्क्याचं न्हाईच ते. हाराचं हाय."

मी घास खाली ठेवला. "तुला काय माहीत?"

"भावजींनी लिवलं व्हतं की अव्वाला."

अण्णाची पत्रं आईच्या नावाने यायची हे मला ठाऊक होतं. आईला वाचता येत नव्हतं हेही ठाऊक होतं. मग ती कोण वाचून दाखवत असेल, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला पडला नाही. शिलाई मशीनच्या खणातून तिने गठ्ठा काढला. तारीखवार लावलेला.

२१ जानेवारी, बुधवार
दिवसभर पत्रं.

बेटाचा वार्षिक सण होता. व्यासपीठावर अण्णा धरून आठ माणसं. फुलं शेजारच्या बेटावरून होडीने आणली अण्णाने. हारही ओवले अण्णानेच. भरले सात. सातांच्या गळ्यात पडले. पक्षाचा अध्यक्ष हसून म्हणाला, "तू तर आपलाच माणूस." अण्णा सुई खिशात घालून खाली उतरला. मागून जे चौघे उतरले, त्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी 'आपलाच माणूस' ठरलेला होता. ही झाली ए.प.ची विचारसरणी.

पुढची ओळ मी तीनदा वाचली. "अव्वा, बसूच्या लग्नातबी असंच झालं व्हतं बग."

बसू मी.

आठवलं. मानाची यादी मीच लिहिली होती, नवरदेव असून. अक्षर चांगलं म्हणून. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसता टॉवेल, सगळं त्या यादीत. मांडवात माइकवरून नावं वाचली गेली. मामा, पाहुणे, वळसंगचे पाटील, आचारी. टॉवेलांचा गठ्ठा हातावर घेऊन कोण उभा होता? अण्णा. एकेकाला काढून देत होता. शेवटचा टॉवेल बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्याला गेला. अण्णाचं नाव यादीत नव्हतं. विसरलो नव्हतो मी. मुद्दाम घातलं नव्हतं. घरच्या माणसाला कसला टॉवेल, असा माझा विचार. तेव्हा मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

लाज वाटली. वय चौसष्ट, आणि आज वाटली.

महादेवीला म्हटलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? "तुमी इचारलं व्हतं का? भावजींचं नाव निघालं की पेपर तोंडासमोर धरायचा." आईच्या वतीने उत्तरं तीच लिहायची. आई गेल्यावर स्वतःची लिहायला लागली. आता व्हॉट्सॲपवर. गव्हर्नरांचे टॉवेल हीच पाठवते. पक्षाचं घोषवाक्य 'आधी जेवा, मग भांडा' हे आईचं, पत्रातून गेलेलं. आणि इतिहास काकांकडून लिहून घे, हे अक्षताला कोणी सुचवलं? विचारलं नाही. कळायला लागलंय आता थोडं थोडं.

२ फेब्रुवारी, सोमवार
पहिलं प्रकरण दोनदा लिहिलं. एकात धक्का, एकात हार. धक्क्याचं वाचायला भारदस्त. हाराचं खरं. पाहुणचार, मानपत्र, सत्कार यांत हयात गेली, धक्क्याचं लिहिताना हात अडत नाही. पण अण्णा पहिल्यांदा माझं काहीतरी वाचणार, आणि त्यात मी त्याला खोटंच वाढायचं?

हाराचं ठेवलं. शेवटी एक परिच्छेद जोडला: "या पक्षाचं मूळ बेटावर नाही. ते सोलापुरात एका लग्नाच्या मांडवात आहे. तिथल्या यादीत एक नाव नव्हतं. ती यादी प्रस्तुत लेखकाने लिहिली होती. चूक त्याची." पाठवून दिलं आणि दूध आणायला गेलो. दूध न घेताच परत आलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आठ दिवस काही नाही. आज अक्षताचा फोन. कार्यकारिणीची बैठक झाली. नऊ जण. तिने प्रकरण तोंडी भाषांतर करून सांगितलं. पाच जण बाजूने. चौघे म्हणाले, पक्ष हारासाठी निघाला असं छापलं तर मतं मागायची कशी? उठले, निघून गेले. संध्याकाळपर्यंत ए.प. (धक्का) स्थापन.

अजून पुस्तक छापलं नाही आणि माझ्यामुळे चौथी फूट पडली. परिशिष्ट वाढवावं लागणार.

"अण्णा काय म्हणाला?"

"पान दुमडून ठिवलंया."

१९ फेब्रुवारी, गुरुवार
गेल्या आठवड्यात अक्षताकडून मंजुरी आली: "बाबा म्हनले, छापा." एकच शब्द, तोही तिच्यामार्फत. पण 'छापा' म्हणाला.

प्रेसवाला दोनशेच्या खाली मशीन चालू करत नाही. एका वाचकासाठी दोनशे प्रती. प्रकाशन २२ मार्चला, शाळेच्या हॉलमध्ये. अण्णाला रीतसर निमंत्रण धाडलं.

ऋणनिर्देश लिहायला चार दिवस घेतले. या खेपेला यादीत कोणी राहायचं नाही. अण्णा सगळ्यात वर, सगळ्या पदांसह, अकरा दिवसांच्या मंत्रिपदासह. मग अक्षता. सगळ्या फुटीर गटांचे नेते. माजी गव्हर्नर. प्रेसवाला, त्याचा बाइंडर. वळसंगचे पाटील कैलासवासी झाले, तरी घेतले. क्लॅरोनेटवाल्यालाही घेतलं, नाव माहीत नाही म्हणून 'अज्ञात वादक'.

चाटी गल्लीत जाऊन अण्णासाठी टॉवेल आणला. दुकानदार म्हणाला, एकच?

१ मार्च, रविवार
प्रती घरी आल्या. आठ गठ्ठे. मुखपृष्ठावर माझं नाव, जरा मोठंच आलंय. अक्षताला फाइल पाठवली.

महादेवीने हात पुसून एक प्रत घेतली. ऋणनिर्देशाचं पान उभ्याउभ्या वाचलं. बोट खालपर्यंत नेलं. "छान छापलंय," म्हणाली. ताट वाढून आत गेली, आपलं ताट घेऊन आतच बसली. गठ्ठे लावून दमली असेल.

८ मार्च, रविवार
दुपारी फोन. तोच लांब नंबर. मला वाटलं अक्षता.

"बसू."

आवाज म्हातारा झालाय. पण बसू म्हणायची पद्धत तीच, वरून हाक मारल्यासारखी. मी म्हणालो, अण्णा, पुस्तक मिळालं?

"यादी वाचली."

"तुझं नाव पहिलंच घेतलंय अण्णा."

"माजं दिसलं. महादेवीचं कुटं हाय?"

आणि मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं, पण तोंडातून गेलं होतं. म्हणालो, "अण्णा, ती तर घरचीच..."

तिकडून नुसता समुद्र ऐकू आला. मग फोन बंद.

वळून बघितलं. महादेवी दारात उभी होती, शेंगा निवडायचं सूप हातात. सूप घेऊन अंगणात गेली.

११ मार्च, बुधवार
दोनशे प्रतींत हाताने लिहितोय, अण्णाच्या नावाच्याही वर: "सौ. महादेवी. या पक्षाची पत्रं हिने वाचली, उत्तरं हिने लिहिली, आणि हा इतिहास हिने जपून ठेवला." चौसष्ट झाल्या. अक्षर पहिल्यासारखं राहिलं नाही. ती मधून येऊन बघते. "शाई वाळू द्या, मग मिटा," एवढंच म्हणते.

सकाळी पुन्हा चाटी गल्ली. दुकानदार म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? निळ्या किनारीचा घेतला. घरी येऊन दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने किनार चिमटीत धरून बघितली, घडी नीट केली आणि खुर्चीवर अण्णासाठी आणलेल्या टॉवेलावर ठेवली.

"तुमच्या हातनं नको. लग्नात गठ्ठा भावजींनी धरला व्हता. त्यांनी दिला तर घेईन."

"आणि नाही आले तर?"

"तर ऱ्हाऊ दे हितंच."

दुपारी अक्षताचा मेसेज: "बाबांनी माळ्यावरनं बॅग काढलीया. कुटं निगाले ते बोलले न्हाईत. पन काका, लई आशा धरू नका, पक्षाच्या मीटिंगलाबी तीच बॅग नेत्यात."

महादेवीला वाचून दाखवला. तिने तो तिच्या फोनवर आधीच वाचला होता. मी पासष्टावी प्रत उघडली.