मागच्या चाकाखालचा पुठ्ठा

५ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा डाग. मागच्या डाव्या चाकाखाली, बशीएवढा. आई म्हणाली, "पाणी असेल, परवा गाडी धुतली की." पाणी नव्हे. पाणी वाळतं. हे बोटाला बुळबुळीत लागलं आणि पुसल्यावरही वास राहिला. चारही चाकांखाली पुठ्ठे सरकवून ठेवलेत. ताई खिडकीतून बघत होती. "गाडीला लंगोट बांधलास का रे?" तिच्या कडेवरचं पिल्लू हसलं. त्याला काय कळतंय, तरी हसलं.

ताई रविवारी बाळाला घेऊन तिच्या घरी जाणार. बाबा गाडीने सोडणार. वाटेत तो मोठा उतार. मला आत्तापासून घाम.

६ फेब्रुवारी, मंगळवार

तीन पुठ्ठे कोरडे. डाव्या मागच्या चाकाचा भिजलेला. बॉनेट उघडलं – ब्रेक ऑइल डबीवरच्या रेघेच्या खाली गेलंय.

बाबांना भीत भीत सांगितलं. वाटलं, भडकणार. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, ही एकच स्वतःची. तिला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. पण पुठ्ठ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ऑइल गळतंय. गाडीचंच दुखणं आहे तर." आणि चक्क हसले. वर आणखी एक कप चहा मागितला. गाडी गळते म्हणून खूश झालेला माणूस मी आजच पाहिला.

७ फेब्रुवारी

गॅरेजवाले मिस्त्री आमच्या दुकानात आले, तर हात गळ्यात. प्लास्टर! म्हटलं, आता आमच्या गाडीचं कोण करणार? "तू. शाळा सोडल्यापासून या काउंटरवर पार्ट विकतोयस, एकदा लावून बघ की." मी म्हणालो, पार्टच्या खणावर नावाची चिठ्ठी चुकली तर मी दुसरी लिहितो, ब्रेकचं तसं नाही. "ब्रेकही पुन्हा खोलता येतो. चूक होते ती घाईत. आणि तुला घाई कधी असते? तुझ्याकडे स्क्रू मागितला तर गिऱ्हाईक म्हातारं होऊन घरी जातं." मालक हसले. मग मीही.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. चाकातला सिलिंडर बदलायचा. ऑइल लागलेले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, पुसून परत वापरायचे नाहीत, नवे घालायचे, आणि दोन्ही मागच्या चाकांना. शेवटी लाइनीत शिरलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात – एक पेडलवर, एक चाकापाशी.

८ फेब्रुवारी

ताईला म्हणालो, भाड्याची गाडी करू. म्हणाली, "आणि बाबांना कोण सांभाळणार? दुसरा कुणी चालवत असला की ते उतरेपर्यंत हवेतच ब्रेक मारत बसतात. डोळा लागणं तर सोडच."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी घेतली. गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले, पुढच्या चाकांना विटा. हलवून पाहिली. पुन्हा हलवून पाहिली. आई म्हणाली, "गाडी नाही पडायची, तूच पडशील चक्कर येऊन. आधी खाऊन घे."

चाक काढलं, पण त्यामागचा ब्रेकचा ड्रम निघता निघेना. कडेकडेने ठोकत राहिलो तेव्हा सुटला. आत सगळं काळं आणि ओलं. स्प्रिंगा काढायच्या आधी कुठली कुठे आहे त्याचं चित्र काढून घेतलं. सिलिंडरमधलं रबर बोटाने ओढलं तर त्याचे तुकडेच पडले. इतकं बरं वाटलं! मनातल्या मनात मी या गाडीचं काय काय बिघडवून ठेवलं होतं. खरं बिघडलेलं चिमटीत मावलं.

संध्याकाळपर्यंत सगळं नवं बसवलं. एकही स्प्रिंग उरली नाही. पाठ मोडली.

१० फेब्रुवारी, शनिवार

हवा काढायचं काम. बाबा सीटवर, इंजिन बंद. मी चाकाशी आडवा. सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीला, नळी, नळीचं टोक बाटलीत. बाबांनी पेडल दाबून धरायचं, मी निपल सैल करायचा, हवा बाहेर आली की आवळायचा.

"दाबा." "दाबलं." बुडबुडे. "सोडा." "सोडलं." छान चाललं होतं. बाबा म्हणाले, "पहिल्यांदाच तुझं ऐकतोय, सवय करून घेऊ नकोस."

मध्ये ताई बाळाला घेऊन आली. बाबा पाय बाहेर काढून त्याच्याशी खेळले, मग परत नीट बसले.

"दाबा." "दाबलं." निपल सैल केला. बुडबुडा नाही, थेंब नाही. "बाबा, दाबलंय ना?" "पार खाली दाबलंय की."

उठून पुढे गेलो. बाबा समोर बघत बसलेले. पाय ॲक्सिलरेटरवर. पार खाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?" "काही नाही. नळी अडकली होती. पाय काढा, पुन्हा करू." या वेळी त्यांनी खाली वाकून, बघून पाय ठेवला. स्वच्छ ऑइल आलं. पेडल दगडासारखं कडक. काम झालं.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. हळूच म्हणाली, "हल्ली चप्पल पायातून निसटते, त्यांना कळतच नाही. मीच मागून उचलून आणते. साखर वाढलीय. डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात."

ब्रेक लागतोय. आणि उद्या चालवणार बाबा. माझ्याकडे लायसन आहे, पण शेजारी कुणी बसलं की माझा गिअर चुकतो. तरी सकाळी बोलायचंच. पण जन्म गाडीत घालवलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? वाक्य जुळवतोय. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट.

११ फेब्रुवारी, रविवार

वाक्य लागलंच नाही. पुठ्ठे कोरडे ठणठणीत. बाबांनी ते पाहिले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मागे ताईशेजारी जाऊन बसले. बाळाला मांडीवर घेतलं. "नळी अडकली नव्हती," म्हणाले.

गाडी रस्त्याला लागल्यावर पुढचं बोलले. "महिनाभर कळत नव्हतं, ब्रेक लागत नाही की माझा पाय लागत नाही. तू डाग दाखवलास तेव्हा वाटलं, सुटलो. दोन्ही होतं. उद्या मला डॉक्टरकडे ने. आणि गिअर हळू टाक, तुटेल."

उतार आला. ब्रेक दाबला. लागला. आरशात पाहिलं – बाळ झोपलं होतं. बाबाही.